अडीच एकरांत सर्कस

उलंगवाडी झाली. शेवटचा कापूस घरात आला, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचल्या. आता मृगापर्यंत वावर रिकामं. नेमक्या याच दिवसांत फाट्यावर एक जीप थांबते आणि सर्कसचा मॅनेजर विचारतो, "हे वावर कोणाचं?"

लहानशा सर्कशीलाही दोन-अडीच एकर लागतं. ते रस्त्याला लागून हवं, वरून विजेची तार गेलेली नको आणि ट्रक वळेल एवढी पांदण हवी. शेतकऱ्याला हवं रोख भाडं, नांगरटीचा खर्च आणि घरच्यांसाठी पास. भाड्याचं दहा मिनिटांत जमतं. पासांवर अख्खी दुपार जाते, कारण "घरचे" म्हणजे नेमके किती, हे गावात अजून कोणी ठरवलेलं नाही. म्हणून कागद करावा: किती दिवस, किती पास, विहिरीचं पाणी किती आणि जाताना वावर कसं करून द्यायचं. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि पोलिसांची परवानगी मॅनेजरनं आणायची. ती डोळ्यानं पाहिल्याशिवाय एकही खुंटी ठोकू देऊ नये.

आणि खुंटी ठोकायला घेतली, की काळी माती आपले रंग दाखवू लागते.

ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. फेब्रुवारी-मार्चात भेगा अशा पडतात की हात आत जावा. वरच्या भुसभुशीत थरानं भेग झाकलेली असते. खुंटी नेमकी तिथं पडली तर एकाच बाजूनं धरते आणि पहिल्या वाऱ्याला उपटून येते. नवखे मजूर मग खुंटीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओततात. माती फुगते, खुंटी घट्ट बसते, सगळे खूश. दोन-तीन दिवसांत ऊन लागून माती आकसते आणि खुंटीभोवती बोटभर फट पडते. उपाय कष्टाचाच आहे: वरची माती खरडून भेग पाहायची, खुंटी बाजूला सरकवायची, लांब लोखंडी खुंटी घ्यायची आणि तिचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवायचं. मोठ्या ताणाच्या जागी एकामागे एक दोन खुंट्या.

दोर बांधायचा तो जमिनीलगत. वर बांधला तर तरफेसारखा खुंटी उपटतो. हे समजायला सर्कशीत जन्म काढावा लागत नाही. धुऱ्यावर बसलेला मालक तिथूनच ओरडतो, "काहून भाऊ, गाठ एवढी वर? बैल असता तं खुंटा घेऊन पळाला असता!"

मधल्या खांबांखाली जाड फळ्या हव्यात, नाहीतर एका अवकाळी सरीत खांब रुततात, कापड ढिलं पडतं आणि त्यात पाण्याची पोटं धरतात. पाऊस आला की सर्कसवाला धावत जाऊन दोर सैल करतो. बघणाऱ्यांना वाटतं, याचं डोकं फिरलं. पण काथ्याचा किंवा सुताचा दोर भिजला की आखडतो आणि खुंटी ओढतो. नायलॉनचा उलट ढिला पडतो, तो ताणावा लागतो. तंबूत दोन्ही जातीचे दोर असतील तर त्या माणसाची रात्रभर सर्कस. वादळ असेल तर मात्र दोरांशी खेळत बसू नये. आधी माणसं बाहेर, मग कापड खाली.

आत रिंगण. ४२ फूट व्यास. हे माप अठराव्या शतकात लंडनमध्ये आधुनिक सर्कस सुरू करणाऱ्या फिलिप अ‍ॅस्टलीच्या घोड्यांनी ठरवलं. एवढ्या गोलात घोडा एका लयीत दौडतो आणि पाठीवर उभ्या स्वाराला तोल सापडतो. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास आपली सर्कस उभी केली, तीही घोड्यांच्याच जोरावर.

गावातले म्हातारे तिकीट काढण्याआधी एकच विचारतात, "वाघ हाये का?" नाही. वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेनं बंद झाले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. आता ताडोबा-टिपेश्वरच्या जंगलांच्या बाजूला वाघ तंबूत नसतो, घरी जाताना पांदणीत भेटू शकतो. शेवटचा खेळ लवकर आटपावा, लोकांनी घोळक्यानं जावं.

सर्कस हलली की मालकाचं काम सुरू. ओल्या रानात ट्रक चढू दिला असेल तर चाकोरीखालची माती दगड होते, मुळं आडवी जातात. नांगरट वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, करावी. त्याआधी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या वावरात फिरवावं. खिळे आणि तारेचे तुकडे बैलाच्या खुरात जाण्यापेक्षा चुंबकाला चिकटलेले बरे. काचा मात्र वेचाव्याच लागतात.

रिंगणातला लाकडाचा भुसा नांगरून गाडू नये. कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो. तो गोळा करून घोड्याच्या लिदीबरोबर उकिरड्यात थरावर थर टाकावा, ओल ठेवावी, अधूनमधून पलटावा आणि पुरता कुजला की वावरात न्यावा. ज्यानं हे केलं नाही त्याच्या पऱ्हाटीत पावसाळ्यात बरोब्बर ४२ फुटांचा पिवळा गोल उमटतो. येणारा-जाणारा थांबून रोग विचारतो, कोणी बुरशीनाशकाची बाटली सुचवतो. ती घेऊ नये. त्या गोलापुरता युरिया थोडा थोडा, दोनदा विभागून द्यावा.