करारातला दर आणि सरकारी पत्र

[दृश्य: पवनचक्क्यांची रांग, सकाळ]

आंध्र प्रदेशातला अनंतपूर जिल्हा. पाऊस कमी, वारा भरपूर. पात्यांमागच्या त्या खोक्यात जनित्र बसवलेलं असतं. ते साधारण ६९० व्होल्टला वीज तयार करतं. पायथ्याचा हा ट्रान्सफॉर्मर तिला ३३ किलोव्होल्टवर नेतो आणि अशा कितीतरी पवनचक्क्यांच्या तारा एका उपकेंद्रात येऊन मिळतात.

[दृश्य: उपकेंद्र, मीटरची पेटी, सील जवळून]

पेटीत दोन मीटर आहेत, एक मुख्य आणि एक पडताळणीचा. दोन्ही ०.२ एस वर्गाचे, म्हणजे अत्यंत अचूक. दोन्हींवर वीज विकणाऱ्याचं सील आणि ती विकत घेणाऱ्या वितरण कंपनीचंही. महिन्याच्या ठरल्या दिवशी दोन्ही बाजूंचे अभियंते इथे येतात. आधी सील तपासतात, मग आकडे उतरवून घेतात. मागचं रीडिंग वजा करायचं, मीटरच्या गुणकाने गुणायचं आणि एकाच कागदावर दोघांनी सही करायची. दोन मीटरांत मर्यादेबाहेर फरक निघाला, तर मीटर चाचणीला जातात आणि बिल दुरुस्त होतं. युनिट मोजताना एकट्याने काहीच करता येत नाही.

दराचंही तसंच असायला हवं. या दोघांमधल्या वीज खरेदी करारात तो लिहिलेला असतो. इथल्या वाऱ्याच्या अनेक करारांत तो युनिटमागे ४ रुपये ८४ पैसे होता, २५ वर्षांसाठी. वीज विकणाऱ्याने तो मनाने लावला नव्हता. राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिला होता. त्याच दराच्या भरवशावर बँकांनी कर्ज दिलं आणि हे मनोरे उभे राहिले.

[दृश्य: शासन आदेशाची प्रत, तारखेवर कॅमेरा]

१ जुलै २०१९. राज्य सरकारने वारा आणि सौर वीज करारांच्या दरांवर फेरवाटाघाटीसाठी समिती नेमली. त्याच महिन्यात वितरण कंपनीची पत्रं गेली : वाऱ्याचा दर २ रुपये ४३ पैसे करा, सौरचा २ रुपये ४४ पैसे, नाहीतर करार रद्द. लाख युनिटांचं बिल ४ लाख ८४ हजारांवरून थेट २ लाख ४३ हजारांवर.

वितरण कंपन्या तोट्यात होत्या आणि नव्या लिलावांत सौर वीज खूप स्वस्त झाली होती, हे खरंच. पण आजचा भाव दाखवून कालच्या मनोऱ्याचा खर्च कमी होत नाही.

२४ सप्टेंबर २०१९ला उच्च न्यायालयाने शासन आदेश आणि पत्रं रद्द केली. प्रश्न आयोगाकडे पाठवला आणि तोवर पैसे मात्र त्याच कमी दराने द्यायला सांगितले. कर्जाचे हप्ते थांबले नाहीत, थकबाकी वाढत गेली. १५ मार्च २०२२ला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो तात्पुरता दरही काढून टाकला : करारातल्या दरानेच पैसे द्या, थकबाकी सहा आठवड्यांत.

[दृश्य: बंदरावर कोळसा उतरतोय]

करारातला दर एकट्याने बदलता येत नाही, हा नियम विकणाऱ्यालाही लागू आहे. गुजरातमधल्या मुंद्र्याच्या वीज प्रकल्पांचा कोळसा इंडोनेशियातून येणार होता. तिथल्या सरकारने किमतीचे नियम बदलले, कोळसा महागला आणि कंपन्यांनी दर वाढवून मागितला. टाटांच्या मुंद्रा प्रकल्पाची वीज घेणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : करारात 'कायद्यातील बदल' असं कलम आहे, पण त्यात परदेशातला कायदा बसत नाही. म्हणूनच करार हातात आला की आधी हे कलम काढून वाचावं. कर किंवा शुल्क बदललं तर भरपाई कोणाला, किती आणि कधीपासून, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

[दृश्य: जनसुनावणी, रांगेत उभे ग्राहक]

दर कधीच बदलत नाही असं नाही. आयोगाने रीतसर केलेले विनियम जुन्या करारांनाही लागू होऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१०मध्ये म्हटलं आहे. आयोगाकडून दर ठरवून घेण्याची वाट वीज कायदा २००३च्या कलम ६४मध्ये दिली आहे : आयोगाकडे अर्ज, त्याचा सारांश जाहीर, लोकांच्या सूचना-हरकती आणि १२० दिवसांत आदेश. अर्ज फेटाळायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात. महावितरणच्या दरवाढीवर तुमच्याकडून हरकती मागवल्या जातात, त्या याच कलमाखाली.