गिनफोरची राई

फ्रान्समधल्या लिऑनच्या उत्तरेला दोंब नावाचा तळ्यांचा मुलूख आहे. तेराव्या शतकात तिथे एतिएन द बुर्बाँ प्रवचनं देत आला. पांढरा झगा, वर काळा अंगरखा. हा डोमिनिकन, म्हणजे प्रवचनकारांच्या एका ख्रिस्ती संघातला. सुझान शिफमान यांचा १९८७ चा फ्रेंच चित्रपट ‘ल म्वान ए ला सॉर्सिएर’ याच माणसावर आहे. ‘म्वान’ म्हणजे मठवासी. पण डोमिनिकन मठात बसून राहत नसत. गावोगाव फिरायचं, पापांची कबुली ऐकायची, पाखंड हुडकायचं, हे त्यांचं काम.

कबुली ऐकतानाच त्याला कळलं, बायका आजारी लेकरं संत गिनफोरकडे नेतात. खोदून विचारलं, तर संत निघाला शिकारी कुत्रा! पाळण्याकडे आलेला साप त्याने मारला. रक्ताळलेलं तोंड पाहून धन्याने त्यालाच मारलं. आपल्या पंचतंत्रातल्या मुंगसाचीच ही गोष्ट.

कुत्र्याला पुरलं त्या जागच्या राईतला विधी एतिएनने बारकाईने लिहून ठेवलाय. मीठ वाहायचं. बाळाची दुपटी झुडपांवर टाकायची, खोडात खिळे ठोकायचे. मग दोन खोडांमधून उघडं बाळ नऊ वेळा इकडून तिकडे: एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला विधी जाणणारी म्हातारी. नंतर बाळ झाडाखाली पेंढ्यावर ठेवून उशाशी इंचभर मेणबत्त्या लावायच्या, आणि त्या विझेपर्यंत रडणं कानी येणार नाही इतकं लांब जायचं. पेंढा आणि उघडी ज्योत! काही बाळं तिथेच जळाली, असं तोच लिहितो. जगलं, तर शालारॉन नदीत नऊ बुचकळ्या.

चित्रपटात चेकी कारियोचा एतिएन ग्रंथ प्रमाण मानतो, क्रिस्तिन ब्वासाँची वैदू बाई झाडपाला. झाँ कार्मेचा गावचा पाद्री मात्र याच माणसांत राहतो. चर्चमधला खरा वाद या दोन धर्मसेवकांत आहे, आणि कार्मेकडे नीट लक्ष द्यावं ते त्यासाठी. सहलेखिका पामेला बर्गर कला-इतिहासाच्या अभ्यासक आहेत.

एतिएनने कुत्र्याची हाडं उकरली, राई तोडली, दोन्ही एकत्र जाळली. पुन्हा तिथे जमणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम जमीनदारांकडून काढवला. प्रवचनकारांसाठी हे सगळं लॅटिनमध्ये टिपलं, म्हणूनच त्या बायकांचा विधी आज आपल्याला ठाऊक आहे.

एकोणिसाव्या शतकातही आया त्याच जागी आजारी लेकरं आणत होत्या.