सरकी खाणाऱ्या म्हशीचे तूप कडक का होते?

नमस्कार. तूप घट्ट दिसले की त्यात डालडा आहेच, अशा प्रतिक्रिया वारंवार येतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे. गाईच्या तुपाला चाऱ्यातील कॅरोटीनमुळे पिवळेपणा येतो, तर म्हैस त्याच कॅरोटीनचे 'अ' जीवनसत्त्व करून टाकते, हे आपणांस ठाऊक आहेच.

अवघड भाग पुढचा आहे. सरकीत तेल भरपूर आणि तेही पातळ, असंतृप्त असते. तरीही ती खाणाऱ्या जनावराचे तूप कडक होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव त्या तेलातील मेदाम्लांना, म्हणजे मेदाच्या घटकांना, हायड्रोजन जोडतात आणि त्यांतील बराच भाग सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळणारे स्टिअरिक आम्ल होऊन बसतो. एरवी कास त्यातील काही भागाचे पुन्हा मऊ ओलिक आम्ल करते, परंतु सरकीतील सायक्लोप्रोपीन गटाची मेदाम्ले हेच काम करणाऱ्या एन्झाइमला अडवतात. अंगावरच्या चरबीचेही तसेच. सरकीवर पोसलेल्या जनावराचे टॅलो, म्हणजे वितळवून काढलेली चरबी, अधिक टणक निघते.

माझी मावशी यवतमाळकडची. तिच्याकडे हिवाळ्यात बरणीतल्या तुपात चमचा रुतत नाही, आणि पाहुणे मात्र लगेच भेसळीची कुजबुज करतात! सरकीच्या पेंडीत तेल कमी उरत असल्याने तिचा परिणाम सौम्य असतो. अख्ख्या सरकीचा ठळक दिसतो.

हा फरक कायद्यानेही मानला होता. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत महाराष्ट्रातील तुपाचे किमान आरएम मूल्य, म्हणजे ब्युटिरिकसारख्या बाष्पनशील आम्लांचे माप, 26 होते. कापूस पट्ट्यासाठी मात्र 21 चालत असे. सरकीतेल ओळखणारी हालफेन चाचणीदेखील अशा निर्भेळ तुपात लाल रंग दाखवू शकते.

'रवाळ तेच शुद्ध' हा दावाही त्यामुळेच टिकत नाही, कारण कण मेदाम्लांवर आणि तूप किती सावकाश निवले यावर ठरतो. टिकाऊपणाचे म्हणाल, तर संतृप्त मेद हवेने लवकर खवट होत नाही. हिरव्या चाऱ्याने मेद मऊ होतो, पण त्याच चाऱ्यातील 'ई' जीवनसत्त्व त्याला खवटपणापासून काही प्रमाणात सांभाळते.

डालड्याचा संशय असेल, तर तिळाचे तेल ओळखणारी बोडुइन चाचणी करून घ्यावी. वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळणे कायद्याने बंधनकारक केले गेले, ते याच चाचणीत ते पकडले जावे म्हणून.