देवाला भिंतीकडं तोंड करून बसवणारी काकू

(गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

मंडळी, बसा बसा, मागं खुर्च्या हायेत. पोस्टरवर विषय लिहिलाय 'दयाळू देव आणि माणसाचं दुःख : तीन उत्तरं'. तीन हा आकडा माझा नाही, सेक्रेटरींचा आहे. ते म्हणले सर आकडा टाकला की लोक येतात. आता आलातच तर तीन देतो, पण शेवटी. आधी मला जे सांगायचंय ते सांगू द्या, नाहीतर रिटायर्ड मास्तरला माईक देऊन काय फायदा.

तारीख मी सांगायची गरज नाही. किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. इथल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, मिनिटासगट सांगतो. आदल्या दिवशी विसर्जन. मी तवा निलंगा तालुक्यात मास्तर होतो, रूम भाड्याची, पत्र्याची, म्हणून आज तुमच्यासमोर उभाय. आमच्या मालकांचं घर मात्र माळवदाचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत, तीन फुटी भिंती, उन्हाळ्यात आत गेलं की फ्रिज. आम्हाला हेवा वाटायचा त्या घराचा.

त्या पहाटेचं एक सांगतो जे कुठं छापून आलेलं मी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाच पारावर दोन माणसं बसलेली. एक म्हणायला, गणपतीनं वाचवलं, मिरवणुकीहून उशिरा आलो, आत उकडायलं म्हणून बाहेर बाजंवर पडलो, वाचलो. दुसरा म्हणायला, गणपती बुडवून आलो, दमून आत झोपलो, त्याला पाण्यात सोडला आणि त्यानं आम्हाला सोडलं. गणपती तोच, मिरवणूक तीच, ढोल सुद्धा तोच. दोघांचंही बरोबर हाय असं मला तवा वाटलं आणि अजून वाटतं, यातून मार्ग काढायला मला तीस वर्षं लागली आणि निघाला म्हणावं तर निघाला बी नाही.

आता काकू. मालकांच्या घरातल्या, नाव सांगत नाही, त्यांच्या घरचे कोणी इथं असतील. त्यांचा नातू गेला, दीड वर्षाचा. ढिगाऱ्यातून देवघरातला पितळी विठोबा निघाला, टीचभर, एका कानाला चेमटलेला. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी त्याला बिस्किटाच्या डब्यावर बसवला, पण तोंड भिंतीकडं. पत्र्याकडं म्हणा, तिथं भिंत कुठली. सगळ्यांना वाटलं चुकून. मी सरळ करायला हात घातला तर हातावर चापट. "राहू द्या मास्तर. त्याचं तोंड बघायचं नाही मला." बरं म्हणलं. संध्याकाळी बघतो तर त्याच्या पाठीमागं, म्हणजे काकूंच्या बाजूनं, वाटीत भात ठेवलेला, मदतीत आलेला भात. मी म्हणलं, काकू, अबोला हाय तर मग हे कशाला? म्हणल्या, "अबोला हाय म्हणून उपाशी ठेवायचं का?"

(टाळ्या नका वाजवू, त्यांनी माझ्या टाळ्यांसाठी नव्हतं म्हणलेलं.)

आता मला जो राग आहे तो. त्या महिन्यात जीप घेऊन लोक यायला लागले. धान्य, ब्लँकेटं, औषधं घेऊन आले त्यांचे उपकार आहेत, विसरणार नाही. पण काही लोक कारण घेऊन आले. एक मोठे महाराज, नाव घेत नाही, माईक लावून सांगायलेत की या भागात पाप वाढलं, दारू वाढली, मटण वाढलं, म्हणून कोप झाला. समोर डोकं भादरलेली माणसं बसलेली, त्यांना. काकू मागून म्हणल्या, आमचं लेकरू दूध प्यायचं. एवढंच. महाराजांना ऐकू गेलं नाही, स्पीकर मोठा होता.

आणि हे फक्त महाराजांचं नाही बरं का. 15 जानेवारी 1934 ला बिहारला भूकंप झाला तेव्हा खुद्द गांधीजी म्हणले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यता हे पाप, यात वादच नाही. पण भूकंपाला सवर्ण कोण आणि दलित कोण हे कळतं का? रवींद्रनाथ टागोरांनी लेखी हरकत घेतली, असल्या गोष्टी आपले लोक लगेच खऱ्या मानतात म्हणून. गांधीजींनी ती हरकत आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापली आणि खाली स्वतःचं उत्तर दिलं. हा मोठेपणा. आमच्या महाराजांनी काकूंचं छापलं असतं का?

चहा आला का? येऊ द्या, मी थांबत नाही.

मला एक वाटतं, आणि हेच मी सगळीकडं सांगत फिरतो, घरचे कंटाळलेत. दुःखातल्या माणसाला देव नडत नाही, देवाचे वकील नडतात. आपल्या भागात देवाला जाब विचारायची जुनी पद्धत आहे. 72 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रेशनची लाल ज्वारी, मिलो, ती खाल्ली, मदतीची सुकडी खाल्ली, आई खडी फोडायला जायची. तेव्हा गावानं महादेव कोंडला होता. म्हणजे नव्या पोरांना सांगतो, गाभाऱ्याचं दार बंद करून पिंड पाण्याखाली बुडेपर्यंत घागरी ओतायच्या, गुदमरला की पाऊस पाडील. विहिरीत प्यायला पाणी नाही आणि महादेव बुडवायला पाणी! माझी आजी सगळ्यात पुढं. आता ज्या देवाला आपण कोंडून ठेवतो तो सर्वशक्तिमान कसा असेल? पण आजीला ते कळत नव्हतं असं समजू नका. घरच्या माणसावर रुसायला तो सर्वशक्तिमान असावा लागत नाही.

आणि आपल्या तेरचे गोरोबाकाका. माती तुडवताना भजनात तंद्री लागली, पायाखाली लेकरू आलं, कळलं नाही. कीर्तनात हे किती वेळा ऐकलंय तुम्ही. कीर्तनकार गोरोबांच्या भक्तीवर अर्धा तास घेतात आणि शेवटी पंढरपुरात लेकरू रांगत परत येतं तिथं टाळ वाजतात. मधी संती हाय, त्यांची बायको. ती विठोबाला बोल लावते, तिच्यावर मात्र दोन मिनिटं. मला ती कथा तिथंच थांबवावी वाटते. कारण किल्लारीला, सास्तूरला पुढचा भाग आला नाही. तिथं सगळ्या संतीच होत्या.

सेक्रेटरी घड्याळ दाखवायलेत. आरतीला दहा मिनिटं. बरं, तीन उत्तरं, पटापट.

पहिलं, भोग. मागच्या जन्मीचं. हे उत्तर स्वतःच्या दुःखाला स्वतः लावलं तर माणूस त्याच्या आधारानं उभा राहतो, मी पाहिलंय. दुसऱ्याच्या दुःखाला लावलं की तो दगड होतो. दुसरं, परीक्षा. मी पस्तीस वर्षं परीक्षा घेतल्या, दीड वर्षाच्या पोराची कुणी घेत नाही, पुढं चला.

तिसरं, निसर्गाचे नियम, देव मधी पडत नाही. यावर खरं तर तासभर पाहिजे होता. 1 नोव्हेंबर 1755, पोर्तुगालचं लिस्बन, त्यांचा सगळ्या संतांचा सण, सकाळी चर्चं भरलेली आणि भूकंप. मेणबत्त्यांनी आग, मागून समुद्र आत आला. आपलं विसर्जन, त्यांचा सण. सगळ्या युरोपात हाच वाद पेटला, की देव प्रेमळ तर हे कसं, व्हॉल्टेअरनं त्यावर कविता लिहिली. पण तिथला मंत्री पोंबाल, त्यानं वाद घातला नाही, नव्या घरांच्या भिंतीत लाकडी सांगाडा बसवायला लावला. आणि आपल्याकडं? दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती कशानं? गोल दगड, मातीत रचलेले, वर माळवद, दर मृगाच्या आधी त्यावर पांढऱ्या मातीचा अजून एक थर, गळू नये म्हणून. वर्षानुवर्षं वजन वाढत गेलं. कैक घरात लाकडी खांब तसेच उभे होते, भिंतीच तेवढ्या ढासळल्या. 1992 ला किल्लारीला हादरे बसले होतेच. आणि सरकारी नकाशात आपण सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात! नंतर नकाशा बदलला, लातूर झोन तीनमध्ये गेलं, दारं-खिडक्यांच्या वर, लिंटेलला, सिमेंटचा पट्टा आला. म्हणजे 'का' या प्रश्नाचा मोठा हिस्सा गवंड्याला आणि सरकारला विचारायचा होता, तो आपण देवाला विचारत बसलो. उरलेला हिस्सा, की त्याच रात्री तेच पोर आत का होतं, त्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि ज्याच्याकडं आहे त्याला मी माईक देणार नाही.

घंटा वाजवायलेत, हो हो, एकच मिनिट. काकूंचं राहिलं. दिवाळीला शेडवर गेलो तर विठोबा भिंतीकडं नव्हता आणि काकूंकडंही नव्हता, आडवा, दाराकडं तोंड. बाहेर टँकरची लाईन, घागरी, भांडणं. मी म्हणलं, मिटलं का काकू? म्हणल्या, "कशाचं मिटतंय. बसून बसून काय करणार, बघू दे जरा त्याला बी." आणि मला म्हणल्या, मास्तर, तुमचा नंबर आला का टँकरला, जा की, कळशी घेऊन जा माझी पण.