गाणी जुनी, घड्याळ नवं

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे शेजारच्या स्टेशनपेक्षा वेगळं दिसायचं तर हातात उरतात फक्त गाणी. सरकारने टप्प्याटप्प्याने वाटलेल्या परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी मिळायची, म्हणून बहुतेक सगळे नव्या हिंदी गाण्यांवरच तुटून पडले. तिसऱ्या टप्प्यात दुसरी वाहिनी घेता येऊ लागली आणि तीवर काहीतरी निराळं वाजवणं भाग पडलं. २०१६ साली मुंबईत ९१.९ वर रेडिओ नशा आला तो जुनी गाणी घेऊनच. आता नव्यावरून जुन्यावर जाताना नेमकं काय अडतं, ते पाहू.

पहिली अडचण लांबीची. तासातून जाहिरातींची १२ मिनिटं आणि निवेदन, जिंगल, ट्रॅफिक यांची ६ काढली तर संगीताला ४२ उरतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातली गाणी तासाला १२ बसतात. नव्वदीतली पाच-सव्वापाच मिनिटांची गाणी मात्र आठच. ‘जुनी गाणी’ या एकाच नावाखाली दोन्ही काळ मिसळले आणि घड्याळ, म्हणजे तासाचा आराखडा, एकच ठेवला, तर एखाद्या तासाला तीन मिनिटं रिकामी राहतात आणि पुढचा तास संपताना ठोक्याला गाणं मधेच कापावं लागतं. प्रत्येक काळासाठी तासात वेगळी जागा नेमा.

दुसरी तक्रार सगळ्यांनी ऐकलेली: ‘तीच तीच गाणी लावतात.’ साठा वाढवला की ती मिटेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा चूक आकड्यात असते. समजा एका गटात २४ गाणी आहेत, दर तासाला त्यातलं एक ओळीने लागतं, स्टेशन चोवीस तास चालतं. मग आज सकाळी आठला लागलेलं गाणं उद्याही आठलाच लागणार. आठला दुकान उघडणाऱ्याला जन्मभर तेच. २५ केलीत तर ते रोज एक तास पुढे सरकेल, म्हणजे उद्या नऊला, आणि दुकानदार तेव्हाही गल्ल्यावरच असतो. २९ ठेवा. प्रत्येक फेरीला गाणं पाच तास सरकतं आणि त्याच तासाला थेट २९ दिवसांनी येतं. सकाळी सहा ते मध्यरात्र अशी १८ तास चालणारी स्टेशनं २४ च्या गटात निराळी फसतात: तिथे गाणं दर चौथ्या दिवशी त्याच तासाला येतं. तिथे २५ चांगले.

तिसरी गोष्ट गायकांची, आणि गाण्यांची यादी काढणारं सॉफ्टवेअर रुसतं ते इथेच. नव्या गाण्यांसाठी लावलेला ‘एक गायक तासाभरात पुन्हा नको’ हा नियम तसाच ठेवला, तर लता, आशा, रफी, किशोर या चौघांतच तास संपतो. त्यातून युगुलगीत म्हणजे दोन नावं एकदम अडली. रात्री यादी काढली की मधे मधे रिकाम्या ओळी दिसतात, आणि त्या भरायला ड्यूटीवरचा माणूस हाताला लागेल ते टाकतो. माझ्या मते या चौघांना १२ मिनिटांचं अंतर पुरे, संगीतकाराला ३०, आणि चित्रपटाला तीन तास. मात्र त्याआधी नोंदी साफ करा. ‘आशा भोसले’, ‘भोसले आशा’ आणि ‘आशा भोंसले’ या संगणकाच्या लेखी तीन गायिका आहेत, त्या तिघी तो एकापाठोपाठ एक लावतो. मराठी गाण्यांतही हेच. अजय-अतुल संगीतकाराच्या रकान्यात आणि अजय गोगावले गायकाच्या, तेव्हा दोन्ही नियम वेगवेगळे तपासा.

ध्वनीचं एक दुखणं स्टुडिओत कळतच नाही. जुनं मोनो, म्हणजे एकाच मार्गाने ध्वनिमुद्रित केलेलं गाणं डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंवर उतरवताना एका बाजूची वायर उलटी लागलेली असते. हेडफोनवर ते फक्त पोकळ वाटतं. एका स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर डावी-उजवी बेरीज होते आणि गाणं जवळपास नाहीसं होतं. कन्सोलवर, म्हणजे स्टुडिओतल्या आवाजाच्या पाटावर, मोनोचं बटण दाबून प्रत्येक फाइल दहा सेकंद ऐका. आवाज विरला तर एक बाजू काढून दुसरीच दोन्हीकडे द्या.

सामुदायिक रेडिओचं गणित आणखी वेगळं. १०० वॅटचं स्टेशन, निम्मा मजकूर गावकऱ्यांच्या सहभागातून हवा, ही अट. दीड मिनिटाची ओवी आणि दहा मिनिटांचं भारूड एकाच तासात येतात, तिथे १२ गाण्यांचं घड्याळ कुचकामी. भारूड आधी बसवा, ओव्या त्याच्या पुढेमागे लावा आणि तासाच्या शेवटी सनई-संबळाची एखादी लांब धून फिलर म्हणून, म्हणजे उरलेली मिनिटं भरायला, ठेवा. तिला शब्द नाहीत, हव्या त्या सेकंदाला आवाज उतरवून थांबवता येते.