मार्नर गेला तो दोन वर्षांपूर्वीच

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, टोरंटोत राहून मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचे पाठीराखे झालेल्यांना १९६७ या सालाची आठवण मी करून द्यायला नको. लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप त्यानंतर या गावात आलेला नाही. संघाने यंदा, २०२५ च्या उन्हाळ्यात केलेल्या फेरबदलांचे मूल्यमापन हा विषय मी स्वतःच मागून घेतला, कारण घरात आता तो ऐकून घ्यायला कोणी तयार नाही.

प्रथम जर्सीविषयी. २०१९ च्या सप्टेंबरात आपल्या संघातील मिच मार्नरने सहा वर्षांचा करार केला, तेव्हा मी मुलासाठी १६ क्रमांकाची जर्सी घेतली आणि आपल्या रीतीप्रमाणे वाढत्या अंगाची घेतली. ती गुडघ्यापर्यंत येईल, असे दुकानातील मुलीने दोनदा बजावले; मी मनाशी म्हटले, करार सहा वर्षांचा आहे, तर जर्सीही तितकी पुरली पाहिजे. पाच हिवाळे बाह्या दुमडून काढल्यावर यंदा कुठे ती त्याला नेमकी बसली. १८ मे रोजी प्लेऑफ म्हणजे बाद फेरीतील मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात आपण फ्लोरिडाकडून घरच्याच बर्फावर ६-१ असे हरलो, प्रेक्षकांनी अंगावरच्या जर्सी काढून खाली भिरकावल्या, आणि आमचे चिरंजीवही दिवाणखान्यात तोच विधी करू लागले, तेव्हा त्यांच्या मातोश्री शांतपणे म्हणाल्या, ‘राहू दे, अजून दोन वर्षे चालेल.’ सहा आठवड्यांनी मार्नर व्हेगसच्या संघात गेला.

माझे म्हणणे असे की तो या उन्हाळ्यात गेलाच नाही. तो गेला २०२३ च्या जूनमध्ये. त्याच्या करारात एक कलम होते, ज्यानुसार १ जुलै २०२३ पासून त्याच्या संमतीवाचून त्याला कोठेही पाठवता येणार नव्हते. ब्रॅड ट्रेलिव्हिंग महाव्यवस्थापक झाले ते ३१ मे २०२३ रोजी. म्हणजे हातात एकच महिना होता, आणि तो नव्या सुनेने स्वयंपाकघरातले डबे ओळखण्यात घालवावा तसा गेला. त्यानंतर शेजारच्या मार्कहममध्ये जन्मलेल्या, गेल्या मोसमात १०२ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) मिळवणाऱ्या विंगरच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आघाडीवीराच्या बदल्यात काय मिळावे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे उरलाच नाही. शेवटी व्हेगसचा निकोलस रॉय तरी बदल्यात हाती लागला, तोही एवढ्याचसाठी की २०२५ च्या नियमांप्रमाणे आठ वर्षांचा करार फक्त मूळ संघाला करता येत होता आणि इतरांना सातच वर्षांचा. म्हणून ९ कोटी ६० लाख डॉलरच्या करारावर सही टोरंटोची झाली आणि खेळाडू व्हेगसचा झाला. लग्न आपल्या मांडवात, वऱ्हाडही आपलेच, आणि जेवणावळ त्यांच्याकडे!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, तेव्हा मूळ विषय उरकतो.

रॉय, यूटाहून आलेला मॅटियस मॅचेली आणि व्हँकूव्हरचा डकोटा जोशुआ या तिघांचे वार्षिक वेतन मिळून ९७ लाख डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे मार्नरच्या जुन्या वेतनाहूनही कमी. पण गेल्या मोसमातील त्यांचे गुण मिळून ६३ होतात. रॉय तिसऱ्या फळीचा भरवशाचा सेंटर, म्हणजे मधला आघाडीवीर आहे. कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर परतलेला जोशुआ अंगाने भिडणारा आहे, आणि प्लेऑफमध्ये आपल्याला अशांचीच उणीव भासत आली आहे. आपल्याच जॉन टाव्हारेसने वर्षाला १ कोटी १० लाख डॉलरवरून ४४ लाखांच्या आत उतरून चार वर्षांचा करार केला. ३८ गोल करणारा माणूस या किमतीत मिळणे हा उन्हाळ्यातील सर्वांत शहाणा व्यवहार होय. आपल्याच मॅथ्यू नाइजला सहा वर्षे बांधले, तेही योग्यच.

मात्र आपला कर्णधार ऑस्टन मॅथ्यूज याच्या शेजारी उभे राहून त्याला पास कोण देणार, याचे उत्तर यांपैकी एकाही व्यवहारात नाही. त्या जागी मॅचेली चालून जाईल, अशी मला आशा आहे, कारण अ‍ॅरिझोनात एका मोसमात त्याने ५७ गुण मिळवले होते. मुलाने त्याची जर्सी मागितली आहे. त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले आहे, म्हणून या वेळी मापाची घेणार आहे.