कात्रीने गेलेली तारीख

(दृश्य : दांडिया बाजार, सकाळ. जुन्या वाड्याचा लाकडी जिना.)

या जिन्यावर दोन माणसं शेजारी-शेजारी मावत नाहीत. म्हणून चौघं विद्यार्थी एकामागे एक चढताहेत. वर आजी दारातच उभ्या. "चपला आत घ्या रे, बाहेर राहत नाहीत इथे."

चौघं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बडोद्यात दोन दिवसांची डिझाइन थिंकिंगची, म्हणजे आधी माणूस समजून घेऊन मग उपाय शोधण्याची, कार्यशाळा चालू आहे आणि त्यांना दिलेलं काम एका ओळीचं आहे : वयस्कर माणसं औषधं कशी घेतात, ते बघून या. सोडवायला अजून कुणी सांगितलेलं नाही.

चौघांकडे उत्तर मात्र तयार होतं. अ‍ॅप. वेळ झाली की मोबाइल वाजणार. रिक्षात बसल्या बसल्या नावसुद्धा ठरलं होतं.

(दृश्य : बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकण उघडतं.)

पहिलाच प्रश्न चुकला. "आजी, तुम्ही गोळ्या घ्यायला विसरता का?"

"विसरायला मी काय म्हातारी झाले?"

आजी खरंच विसरत नाहीत. आठ म्हणजे आठ. घोटाळा आहे तो या डब्यात. नीट बघा : पट्ट्या बऱ्याचशा अर्ध्या. सहाच गोळ्या हव्यात म्हटलं की दुकानदार कात्री चालवतो आणि ज्या टोकाला तारीख छापलेली असते, ते टोक कधीकधी दुकानातच राहतं. एका तुकड्यावर औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलीत. मग आजी रंगावर चालतात. हिरवी रेघ म्हणजे बीपीची. मागच्या महिन्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आलं, रेघ निळी. "ही माझी नव्हे," म्हणून चार दिवस त्यांनी ती बाजूला ठेवून दिली.

यात मोबाइल काय वाजवणार? दुपारी सेव-उसळ खाता खाता अ‍ॅप रद्द झालं.

(दृश्य : वर्ग. टेबलावर पितळेचा तांब्या.)

खरं तर त्याच दिवशी सकाळी, पहिल्या तासाला, त्यांच्यासमोर एक तांब्या ठेवला होता. डोळे मिटून पेल्यात पाणी ओता, मग सांगा काय कळलं. एकाने अर्धं पाणी वहीवर सांडलं. दुसरीच्या लक्षात आलं की याला कान नाही, तरी भरलेला तांब्या हातातून निसटत नाही. बोटं गळ्याशी जाऊन अडकतात.

अमेरिकेतले डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आले होते. 1958 च्या त्यांच्या अहवालात सर्वांत जास्त कौतुक झालं ते या भांड्याचं. पाणी किती मावावं, हात कुणाचा, डोक्यावर न्यायचं की कमरेवर, ओतताना तोल कसा राहतो, असे प्रश्न त्यांनी एका लोट्याला विचारले. त्याच अहवालातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

बडोद्याला हाताने शिकणं त्याहून जुनं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आमच्या चौघांपैकी तिघांनी मात्र कालपर्यंत पुठ्ठासुद्धा मापून कापला नव्हता.

(दृश्य : भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या.)

समजून घ्या, प्रश्न मांडा, कल्पना काढा, नमुना करा, तपासा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने, म्हणजे तिथल्या डिझाइन शाळेने, रूढ केलेल्या डिझाइन थिंकिंगच्या या पाच पायऱ्या. चिठ्ठ्या दिसतात छान. आमचा कॅमेराही तिथेच जास्त रेंगाळला, हे कबूल. पण कार्यशाळा खरी अडली आणि सुटली ती या डब्यापाशी.

(दृश्य : मिसळणाचा डबा.)

हा पहिला नमुना. सात वाट्या, सात वार. चौघं खूश. आजींनी डबा हातात घेतला, जरासा कलंडवला आणि सोमवार गुरुवारात गेला. त्यात खालच्या औषध दुकानदाराने सांगितलं की गोळ्या पट्टीतून आधीच काढून ठेवू नयेत, काही दमट हवेने खराब होतात.

"आमच्या सासूबाईंची चंची होती," आजी म्हणाल्या. "पानाचा कप्पा वेगळा, कात-चुन्याचा वेगळा. अंधारातही हात बरोबर जायचा."

(दृश्य : दुसरा दिवस. जुन्या पडद्याच्या कापडाची चंची, टाके वाकडे.)

चार कप्पे. पट्टीचा तुकडा जसाच्या तसा आत, आणि प्रत्येक कप्प्यावर शिवलेल्या पट्टीवर मराठीत ठळक : बीपी, साखर, थायरॉइड. दुकानदाराला एकच विनंती : छापील टोक आजींकडे येऊ द्या, नसेल जमत, तर पाकिटावर नाव आणि तारीख लिहा.

"बस, एटलुं ज?" तो म्हणाला आणि कानामागचं पेन काढलं.

आजींनी चंची तीनदा उलगडली, तीनदा गुंडाळली. 'थायरॉइड'ची अक्षरं बारीक आहेत म्हणाल्या, मार्कर मागून घेतला आणि स्वतः वरून गिरवली.

(दृश्य : चंची, अगदी जवळून.)

चौथ्या कप्प्यावर काहीच लिहिलेलं नाही. तिथे आजींनी सुपारी ठेवलीय.